खेळ अडतो तो नेमका कुठे? बोरी अरबसारख्या गावातलं वाय-फाय आणि ऑनलाइन गेम

यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरचं बोरी अरब घ्या किंवा वऱ्हाडातलं तसंच दुसरं एखादं मोठं गाव घ्या. ज्या घरात कॉम्प्युटर आहे आणि पंधरा ते पंचवीस वयाचं पोर आहे, तिथे संध्याकाळी एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘‘पिंग वाढून राहिला भाऊ, गेम अटकून राहिला.’’ प्लॅन शंभर एमबीपीएसचा असतो. मोबाइलवर क्रिकेटची मॅच न थांबता चालते, व्हॉट्सॲपचे व्हिडिओ झटक्यात उघडतात. पण व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक सुरू केलं की समोरचा खेळाडू भिंतीआड गेलेला असतानाच पुन्हा चार पावलं मागे उमटतो, नेम बरोबर असूनही गोळी लागत नाही, आणि आपल्यावर गोळी झाडली गेली हे आपण बाद झाल्यावर कळतं.

या तक्रारीवरची उत्तरंही ठरलेली आहेत. दुकानदार म्हणतो, राउटर बदला. लाईन देणारा म्हणतो, लाईन ओके आहे, कॉम्प्युटर दाखवून घ्या. यूट्यूबवरचा माणूस डीएनएस बदलायला सांगतो. घरातली मोठी माणसं म्हणतात, गेमच बंद कर. शेवटची दोन सोडली तर बाकीची उत्तरं कधी ना कधी बरोबर ठरतात, पण त्यांतलं प्रत्येक उत्तर सबंध वाटेचा एकच तुकडा पाहतं. वाट तीन तुकड्यांची आहे: कॉम्प्युटरपासून घरातल्या राउटरपर्यंत, राउटरपासून कंपनीच्या गावातल्या किंवा तालुक्यातल्या यंत्रापर्यंत, आणि तिथून गेमच्या सर्व्हरपर्यंत. दोष कोणत्या तुकड्यात आहे हे कळेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नये, असं माझं ठाम मत आहे. ते कळायला पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो.

आधी मोजमापाचा गोंधळ दूर केला पाहिजे. प्लॅन विकला जातो एमबीपीएसमध्ये, म्हणजे एका सेकंदात किती माल येऊ शकतो त्यावर. गेमला माल फार थोडा लागतो. नेमबाजीचा ऑनलाइन गेम तासाला साधारण शंभर ते तीनशे एमबी वापरतो. त्याला सेकंदाला एक मेगाबिटही पुरून उरतो. त्याच तासात एचडी चित्रपट पाहिला तर तीन जीबीच्या आसपास डेटा जातो. म्हणून शंभरचा प्लॅन तीनशेचा केला तरी गेमची अडचण बहुधा जागच्या जागी राहते. गेमला हवा असतो वेळेवर येणारा निरोप. निरोप जाऊन उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते म्हणजे पिंग. प्रत्येक वेळी ते किती कमीजास्त झाले ते म्हणजे जिटर. आणि किती निरोप पोचलेच नाहीत ते म्हणजे पॅकेट लॉस. या तीन आकड्यांपैकी एकही प्लॅनच्या जाहिरातीत छापलेला नसतो.

चित्रपट अडत नाही आणि गेम अडतो, त्याचं कारणही इथेच आहे. चित्रपट पुढची काही सेकंदं आधीच साठवून ठेवतो, त्यामुळे मधला अर्ध्या सेकंदाचा खंड आपल्याला दिसत नाही. गेममध्ये पुढचा क्षण अजून घडलेलाच नसतो, मग साठवणार काय? व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा जगाची स्थिती ठरवतो, म्हणजे दर आठेक मिलिसेकंदांनी. मार्क आणि काजल क्लेपूल या अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये वेगवेगळ्या गेममध्ये किती उशीर चालतो याची मांडणी केली. खेळाडूच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या नेमबाजीच्या गेमला शंभर मिलिसेकंदांपलीकडचा उशीर बाधतो, पात्र मागून दिसणाऱ्या गेमला पाचशेपर्यंत चालतो, आणि वरून पट पाहून सैन्य हलवण्याच्या गेमला सेकंदभरही चालून जातो. त्यामुळे एकाच घरात, एकाच लाईनवर, थोरल्याचा गेम अडतो आणि धाकट्याचा माइनक्राफ्ट बिनतक्रार चालतो, यात नवल नाही.

गेम बनवणारेही या उशिरावर उपाय करत आले आहेत. १९९६ च्या क्वेकवर्ल्डमध्ये जॉन कारमॅक यांनी सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता खेळाडूची हालचाल त्याच्याच कॉम्प्युटरवर आधी दाखवण्याची युक्ती आणली. २००१ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीच्या यान बर्नियर यांनी सर्व्हरने काळ थोडा मागे नेऊन ‘गोळी झाडली तेव्हा खेळाडूला काय दिसत होतं’ हे तपासण्याची पद्धत मांडली. या युक्त्यांमुळेच साठ-सत्तरच्या पिंगवरही आज बरा खेळ होतो. पण त्या ठरावीक उशीर झाकतात, लहरी उशीर झाकू शकत नाहीत. कायम सत्तर असलेला पिंग कधी पंचवीस तर कधी दोनशे होणाऱ्या पिंगपेक्षा खेळायला कितीतरी चांगला. ‘माझा पिंग तीस आहे’ असं सांगणाऱ्याला म्हणूनच ‘किती वेळ तीस राहतो?’ असं विचारावं.

आता अंतराबद्दल. ‘आपण आडगावात राहतो, मुंबई-पुण्याच्या पोरांशी कसं खेळणार’ ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे आणि ती बव्हंशी चूक आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई इथून ढोबळ मानाने सातशे किलोमीटर धरली तर जाण्यायेण्याला लागतात सात मिलिसेकंद. केबल सरळ रेषेत जात नाही, वाटेत यंत्रं असतात, हे सगळं धरूनही चांगल्या फायबरवर मुंबईच्या सर्व्हरचा पिंग पंचवीस-तीसच्या आसपास मिळायला हरकत नाही. व्हॅलोरंट बाजारात आणताना, २०२० मध्ये, रायट कंपनीने सत्तर टक्के खेळाडूंना ३५ मिलिसेकंदांच्या आत ठेवण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं होतं. त्या उद्दिष्टात वऱ्हाडातलं गाव अंतराच्या हिशेबाने सहज बसतं. मुंबईत सर्व्हर नव्हते तेव्हा भारतातली पोरं सिंगापूरच्या सर्व्हरवर सत्तर-ऐंशीच्या पिंगने खेळत. तेव्हा अंतर हे खरंच कारण होतं. आता ते उरलेलं नाही.

अपवाद दोन. गेमच्या सेटिंगमध्ये सर्व्हर ‘मुंबई’ आहे की नाही ते पाहावं. दुबईला असलेला मित्र गटात असेल तर गेम कधी कधी दुसऱ्याच देशातला सर्व्हर निवडतो. दुसरा अपवाद असा की काही कंपन्यांची वाहतूक मुंबईला थेट न जाता दिल्लीला किंवा चेन्नईला वळसा घालते. तो दोष घरात बसून दुरुस्त होत नाही, पण ओळखता मात्र येतो.

ओळखायचा कसा ते सांगतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडायची, ‘पिंग’ ही आज्ञा, पुढे राउटरचा पत्ता आणि शेवटी ‘डॅश टी’ लिहायचं. राउटरचा पत्ता त्याच्या पाठीवर छापलेला असतो, बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ असतो. एकेक ओळ सरकू लागते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी मिलिसेकंद दिसतात. ही खिडकी चालू ठेवून दुसरी तशीच खिडकी उघडायची आणि तिच्यात ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता द्यायचा. मग गेम सुरू करायचा. गेम अडला त्या क्षणी दोन्ही खिडक्यांत काय झालं, तेवढंच पाहायचं. पहिल्या खिडकीत आकडा एकदोनवरून दीडशेवर उडाला तर दोष घरातला. कंपनीला फोन करून उपयोग नाही. पहिली शांत आणि दुसरी उसळली तर दोष राउटरमधला किंवा त्याच्या पुढचा. दोन्ही शांत असूनही गेम अडला तर गेमचा सर्व्हर, तिकडे जाणारी वाट किंवा स्वतःचा कॉम्प्युटर तपासावा. तापलेला प्रोसेसर आणि भरलेली रॅम यांचा अटकाव पुष्कळदा नेटच्या माथी मारला जातो. ‘ट्रेसर्ट’ या आज्ञेने वाटेतला प्रत्येक टप्पा दिसतो. मात्र मधल्याच एखाद्या टप्प्याचा आकडा मोठा आणि पुढच्यांचा लहान असेल तर घाबरू नये. अशी यंत्रं चौकशीला उत्तर द्यायला सवड काढत नाहीत, पण माल वेळेवर पुढे सोडतात.

घरातल्या दोषाकडे तपशिलाने पाहायला हवं, कारण खराब खेळाची बहुतेक कारणं तिथे सापडतात आणि उपायही आपल्याच हातात असतात. वाय-फायची मूळ अडचण अशी की एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. बाकीच्यांनी थांबायचं, हवा मोकळी झाली की आपला नंबर लावायचा, दोघं एकदम बोलले तर पुन्हा बोलायचं. यांतला टक्कर झाली तर पुन्हा बोलण्याचा विचार १९७१ मध्ये हवाई बेटांवर नॉर्मन अब्राम्सन यांच्या अलोहानेटने पहिल्यांदा वापरात आणला आणि आजचं वाय-फाय त्याच विचाराची सुधारलेली आवृत्ती आहे. यातून एक गोष्ट निघते जी घरोघरी दुर्लक्षिली जाते. दूरच्या खोलीतला जुना मोबाइल कमी वेगाने बोलतो, म्हणून तेवढ्याच मालासाठी हवा जास्त वेळ अडवून ठेवतो. त्याचा त्रास राउटरशेजारी बसलेल्यालाही होतो. २००३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी हे मोजून दाखवलं होतं: एक यंत्र मंद असलं की सगळ्यांचा वेग त्याच्या पातळीला येतो. आजीचा जुना फोन मागच्या छपरीत रील पाहतोय आणि पुढच्या खोलीत नातवाचा गेम अडतोय, या दोन गोष्टींचा असा थेट संबंध असतो.

लहरींचे पट्टे मुख्यतः दोन. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झमधला मोठा, सहाशे मेगाहर्ट्झहून अधिक भाग २०१८ मध्ये. पहिला लांब जातो, पण त्यात ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन आणि शेजाऱ्यांची वाय-फाय सगळी एकत्र. दुसरा मोकळा आणि वेगवान, पण भिंतीत लवकर विरतो. पुण्यातल्या सोसायटीत राहणाऱ्याला सल्ला मिळतो तो ‘चॅनेल बदला’ असा, कारण तिथे एका घरात तीस नेटवर्क दिसतात. गावात चित्र उलटं आहे. दोन-चार शेजारी नेटवर्क दिसली तर पुष्कळ. २.४ मध्ये १, ६ आणि ११ यांपैकी रिकामा चॅनेल निवडला की हा विषय संपतो. हवेची शांतता ही गावाची जमेची बाजू आहे, आणि ती कुणी मोजत नाही.

गावाची अडचण भिंती, टिन आणि पाणी ही आहे. जुन्या घरांच्या मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड. पावसाळ्यात त्या ओल धरतात आणि ओली भिंत लहरी आणखी गिळते. टिनाचं छप्पर आणि लोखंडी कपाट लहरी परतवून लावतात. उन्हाळ्यात त्यात कूलरची भर. मार्चपासून खिडकीत बसणारा लोखंडी कूलर, त्याच्या तीन बाजूंना ओल्या ताट्या आणि खाली भरलेली टाकी: राउटर बैठकीत आणि कॉम्प्युटर आतल्या खोलीत असेल आणि दोघांच्या मधल्या खिडकीत हा कूलर असेल, तर लहरींच्या वाटेत धातू आणि पाणी दोन्ही उभं केलं असं समजा. ‘थंडीत गेम बरा चालायचा, उन्हाळ्यात नेट खराब झालं’ असं कुणी म्हटलं तर कंपनीआधी कूलरची जागा पाहावी. शिवाय पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात टिनाखालच्या माळ्यावर ठेवलेला राउटर तापून आपोआप बंद-चालू होतो. राउटर डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर, घराच्या मधोमध आणि सावलीत असावा. टीव्हीच्या मागे, कपाटात किंवा देवघराच्या पितळी भांड्यांआड ठेवू नये.

पण राउटर हलवणं, चॅनेल बदलणं, पट्टा बदलणं हे सगळे उपाय एका बाजूला आणि एक वायर दुसऱ्या बाजूला ठेवली, तर मी वायरच्या बाजूने उभा राहतो. कॅट-सिक्सची पंधरा-वीस मीटर वायर हजार रुपयांच्या आत येते आणि घरातला तुकडा जवळजवळ कायमचा निकालात काढते: राउटरचा पिंग एक मिलिसेकंदाच्या आत, उसळी नाही, गळती नाही. हॉस्टेलमध्ये आणि सायबर कॅफेत वायरींच्या जाळ्यावर काउंटर-स्ट्राइक खेळलेल्या पिढीला हे सांगावं लागत नाही. वायर घेताना पूर्ण तांब्याची मागावी; तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायर लांब अंतरावर दगा देते. मोटारीच्या वायरीला चिकटून नेऊ नये. अंगण ओलांडून दुसऱ्या घरात न्यायची असेल तर तांब्याची वायर उघड्यावरून मुळीच ओढू नका. आपल्याकडे विजा पडतात, आणि अशा वायरीतून आलेला झटका दोन्हीकडची यंत्रं जाळू शकतो. तिथे फायबरचा तुकडा आणि दोन छोटे कन्व्हर्टर वापरावेत.

वायर शक्यच नसेल तर कॉम्प्युटर पाच गिगाहर्ट्झवर जोडावा, आणि विंडोजमधली वाय-फायची वीजबचत बंद करावी. वाय-फायचा राउटर साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी हाक देतो आणि डुलकी घेणारं यंत्र त्या हाकेपर्यंत निरोप उचलत नाही. दर काही सेकंदांनी शंभराची उसळी दिसत असेल तर हे कारण तपासावं. रिपीटर घेण्याआधी विचार करा. साधा रिपीटर तोच निरोप त्याच हवेत दोनदा बोलतो, म्हणजे वेग निम्मा आणि उशीर जास्त. मोबाइलला कांड्या दाखवण्यापुरता तो ठीक, गेमसाठी नाही.

यापुढचा दोष सगळ्यांत जास्त आढळतो आणि सगळ्यांत कमी ओळखला जातो. गेम चालू असताना घरात कुणाच्या तरी फोनमधून लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढू लागतात आणि पिंग तीसवरून चारशेवर जातो. अपलोड थांबलं की पुन्हा तीस. याचं कारण राउटरमधली रांग. कापूस खरेदी केंद्राच्या फाटकावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असावी आणि एक चिठ्ठी आत द्यायला आलेल्या सायकलवाल्यालाही त्याच रांगेत उभं केलं जावं, तसं गेमच्या चिमुकल्या पॅकेटचं होतं. राउटर बनवणाऱ्यांनी मेमरी स्वस्त झाली म्हणून रांगेची जागा वाढवत नेली. पॅकेट हरवू नये हा हेतू, परिणाम मात्र उलटा. इंटरनेटच्या जुन्या जाणकारांपैकी जिम गेटिस यांना २०१० मध्ये स्वतःच्या घरच्या लाईनवर हा दोष दिसला आणि त्यांनी त्याला बफरब्लोट असं नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर कोडेल नावाची पद्धत काढली. लहान निरोपांना वेगळी रांग देणारी तिची पुढची आवृत्ती २०१८ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत आली.

हा उपाय राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ किंवा ‘स्मार्ट क्यू’ अशा नावाने असतो. ओपन-डब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरवर तो मिळतो. मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर मर्यादा घालायची, म्हणजे रांग कंपनीच्या यंत्रात न लागता आपल्या राउटरमध्ये, आपल्या नियमाने लागते. वेग थोडा जातो, पिंग स्थिर राहतो. गेमसाठी नवा राउटर घ्यायचाच असेल तर घेण्याजोगं कारण हेच आहे. आठ अँटेना आणि लाल दिवे हे कारण नव्हे. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये ही सोय बहुधा नसते. मग फोटोंचा बॅकअप रात्री दोननंतर लावणं, स्टीमच्या डाउनलोडवर मर्यादा घालणं, विंडोजच्या अपडेटना वेळ ठरवून देणं, एवढं करता येतं. तपासणी सोपी आहे: ८.८.८.८ च्या पिंगची खिडकी चालू ठेवून एखादा मोठा व्हिडिओ अपलोड करून पाहा.

घराबाहेर आलं की प्रश्न विजेचा आणि तारेचा. वीज गेली की घरातला राउटर इन्व्हर्टरवर चालतो, किंवा बारा व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर तासन्‌तास चालतो; ज्या घरात गेम खेळला जातो तिथे तो असायलाच हवा, कारण विजेचा क्षणाचा खंडही राउटरला पुन्हा सुरू करतो आणि त्यात दोनेक मिनिटं जातात. पण लाईन देणाऱ्याची चौकातली पेटी कुणाच्या विजेवर आहे? गावची डीपी उडाली आणि त्या पेटीला बॅटरी नसेल तर घरातल्या इन्व्हर्टरचा काही उपयोग नाही. कनेक्शन घेतानाच हा प्रश्न विचारावा. ग्राहक तो विचारत नाहीत म्हणून बॅटऱ्या बसत नाहीत.

फायबरच्या एका तारेतला प्रकाश स्प्लिटरने बऱ्याचदा बत्तीस घरांपर्यंत वाटला जातो. घरापर्यंत पुरेसा प्रकाश पोचतो की नाही हे राउटरच्या पानावर ऋण आकड्यात दिसतं. उणे २० च्या आसपास ठीक, उणे २७-२८ म्हणजे धोक्याची कड. तार खांबाशी कोपऱ्यात आवळून वाकवलेली असेल किंवा जोडावर ओल शिरली असेल तर प्रकाश घटतो. मग नेट पूर्ण बंद पडत नाही, पॅकेट गळू लागतात. यूट्यूब चालतं, गेम चालत नाही. हा आकडा विचारणारा ग्राहक दिसला की लाईन पाहायला येणारा माणूस खांबावर चढतो. पऱ्हाटीच्या किंवा तुराटीच्या भाऱ्यांनी उंच भरलेली ट्रॉली खाली लोंबणारी तार ओढून नेते. वाराणसीत माकडांनी फायबर केबल कुरतडल्याच्या बातम्या २०१५ मध्ये जगभर छापल्या गेल्या होत्या. वानरांच्या टोळ्या फिरणाऱ्या आपल्या गावांना ते अनोळखी नाही. रस्त्याच्या कामातल्या जेसीबीचं नुकसान तर सरकारी अंदाजातच आहे: देशात वर्षाला सुमारे दहा लाख ठिकाणी केबल तुटते आणि तीन हजार कोटींचं नुकसान होतं, असं सांगून मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू करण्यात आलं. ग्रामपंचायतीच्या हद्दीत खोदकाम होणार असेल तर ते ॲप वापरलं गेलं का, हे ग्रामसभेत विचारता येतं.

मोबाइल टॉवरवरून येणारं घरगुती नेट फायबरचा पर्याय म्हणून विकलं जातं. अभ्यासाला, चित्रपटाला ते चांगलं आहे. गेमला ते दुय्यम, कारण संध्याकाळी गाव एकाच टॉवरवर एकवटतं आणि जिटर वाढतो. फायबर मिळत असेल तर पन्नासचं फायबर दोनशेच्या हवेतल्या नेटपेक्षा गेमला उजवं.

पत्त्यांचा प्रश्न थोडक्यात उरकतो. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते २०११ मध्ये मध्यवर्ती साठ्यातून संपले. त्यामुळे कंपन्या शेकडो घरांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतात. राउटरच्या पानावरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये सुरू होत असेल तर तुमचं घर अशा वाटणीत आहे. ज्या गेममध्ये खेळाडू एकमेकांशी थेट जोडले जातात, किंवा ज्याला मित्रांसाठी स्वतःच्या कॉम्प्युटरवर माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवायचा असतो, तिथे हे आडवं येतं. ‘नॅट टाइप स्ट्रिक्ट’ असा शेरा दिसतो; नॅट म्हणजे पत्त्याचं भाषांतर. उपाय: राउटरमध्ये आयपीव्ही-सिक्स, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते, चालू करणं, किंवा कंपनीकडून स्वतंत्र पत्ता थोडे जास्त पैसे देऊन घेणं. कंपनीच्या राउटरला दुसरा विकत घेतलेला राउटर जोडला असेल तर दुसरा ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून ठेवावा, नाहीतर पत्त्याचं भाषांतर दोनदा होतं. डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा; ती बदलल्याने वेबसाइट लवकर उघडेल, खेळ सुरू झाल्यावरच्या पिंगवर परिणाम शून्य. ‘पिंग बूस्टर’ ॲपवर पैसे घालवू नका. कंपनीची वाट वळशाची असेल तेव्हाच व्हीपीएनने फरक पडतो, एरवी पिंग वाढतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असं विचारणाऱ्या पालकांना माझं उत्तर आहे. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत ई-स्पोर्ट्सना पदकं दिली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यताप्राप्त स्पर्धेचं स्थान दिलं. जुगार आणि खेळ यांच्यातली रेषा कायद्यानेच आखली आहे. मग बोरी अरबचं पोर केवळ तारेच्या खराब जोडामुळे पहिल्या फेरीत बाद व्हावं, हे मला मान्य नाही. शिवाय गेमला जे नेट पुरतं ते व्हिडिओवरच्या मुलाखतीला, डॉक्टरांशी दुरून बोलायला आणि परदेशातल्या लेकीशी अडखळल्याशिवाय बोलायलाही पुरतं. उशीर आणि गळती यांची पहिली जाणीव गेम खेळणाऱ्याला होते, त्रास सगळ्यांना असतो.

धोरणात मात्र अजून पोच आणि वेग यांचीच चर्चा आहे. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, नंतर तिचं भारतनेट झालं, आणि २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रमासाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान वेग ५१२ केबीपीएसवरून दोन एमबीपीएस झाला तोही २०२३ मध्येच. ग्रामपंचायतीच्या इमारतीत तार पोचणं आणि घरातल्या कॉम्प्युटरवर निरोप वेळेवर पोचणं यांत शेवटचा किलोमीटर राहतो, आणि खेळ तिथेच अडतो. दूरसंचार नियामक ट्रायने २००६ मध्येच ब्रॉडबँडच्या गुणवत्तेसाठी पॅकेट गळती एक टक्क्याच्या आत असावी असं ठरवलं होतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून जुन्या नियमांच्या जागी नवे नियम लागू झाले आहेत. म्हणजे उशीर आणि गळती यांबद्दल तक्रार करण्याचा हक्क ग्राहकाला आहे, फक्त तक्रार आकड्यांत हवी.

‘नेट स्लो आहे’ असं लिहू नका. कॉम्प्युटर वायरने जोडून आठवडाभर रोज संध्याकाळी पिंगच्या दोन्ही खिडक्यांचे फोटो काढून ठेवा. राउटरपर्यंत किती, पुढच्या टप्प्यावर किती, शंभरात किती पॅकेट गहाळ, प्रकाशाचा आकडा किती, हे चार आकडे तारीख-वेळेसह लिहा आणि कंपनीकडून तक्रार क्रमांक मागून घ्या. मुदतीत दाद मिळाली नाही तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आत अपील करता येतं, त्याला शुल्क नाही. आणि हे एकट्याने करू नका. एकाच स्प्लिटरवरच्या पाच-सहा घरांनी एकाच आठवड्यात हे आकडे दिले तर तो दोष एका घराचा राहत नाही, कंपनीला तार बदलावी लागते.